दहापैकी सहा

शेवंतीची तोड चालू होती. जाऊबाईचा, शकूचा, फोन आला तेव्हा मला वाटलं, भाऊजींनीच लावायला सांगितला असेल, काहीतरी नवं लिहिलं असणार. "आक्का, हे गेले..." एवढंच म्हणाली. त्याला आता दीड महिना झाला.

अरुण भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. दौंडला रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होते, आणि घरी आले की व्हिडिओ गेम खेळायचे. हो, साठीला टेकलेला माणूस! नुसते खेळायचे नाहीत, त्या गेमचं परीक्षण मराठीत लिहून इंटरनेटवर टाकायचे. जपानी गेम विशेष लाडके, आपणच गोष्टीतलं एक पात्र होऊन पन्नास-पन्नास तास हिंडायचं असले. लिहिलेलं सगळं आधी फोनवर मला वाचून दाखवायचे. मी सातवी शिकलेली, पुढचं सगळं आपलं आपण वाचून. इनामगावात बसून मला जपानचं काय कळतंय? पण ते म्हणायचे, "वहिनी, तुम्हाला कळलं म्हंजी कुणालाबी कळंल."

"म्हंजी मी अडाण्यांची पुढारी व्हय?"

"तसं न्हाई... तुम्हाला कंटाळा आला की तुम्ही लपवत न्हाई."

गेल्या वर्षी एक गेम आला. वेगवेगळ्या जुन्या गेममधले नायक-नायिका एकाच गोष्टीत गोळा केलेले. जगभरच्या परीक्षकांत त्यावरून दोन तट पडले. एक म्हणे, जुनी मंडळी एकमेकांची चेष्टा करतात ती ऐकावी, संगीत ऐकावं. दुसरे म्हणे, गर्दी फार, गोष्ट पातळ, लढाया त्याच त्या. भाऊजींनी हे सांगितलं तेव्हा मी कांदा चिरत होते. म्हटलं, "आपल्या लग्नासारखंच की! माईकवाला तासभर पाहुण्यांची नावं घेतोय, अमक्या आबांचं स्वागत, तमक्या आप्पांचं स्वागत, आन् नवरा-नवरी उभी घाम पुसत!" भाऊजी एवढे हसले! वाक्य जसंच्या तसं छापलं, 'इति आमच्या वहिनी' असंही लिहिलं, आणि गेमला दहापैकी सहा गुण दिले. मी गल्लीभर सांगत फिरले.

मग एका मुलीनं त्यांना लिहिलं, 'काका, तुम्ही शेवटपर्यंत खेळलात का?' खेळले नव्हते. तेव्हाच मोठं दुखणं निघालं होतं, उपचार सुरू झाले होते, अंगात त्राण नव्हतं, अर्ध्यातच लिहून मोकळे झाले होते. स्वतः सिग्नलची तार तपासल्याशिवाय कागदावर सही करायची नाही म्हणून साहेबांशी भांडलेला माणूस. त्यांना ते फार लागलं. शकू चिडली, "मरू द्या तो गेम, डॉक्टर आराम करा म्हणत्यात!" मीही ओरडले, "सहाचे सात केले तर कोण आरती ओवाळणार हाय तुम्हाला?"

"गुणांचं न्हाई, वहिनी. न बघता सही केली मी."



रोज अर्धा तास, उशीला टेकून, ते खेळत राहिले. दोन महिने लागले. मग एका दुपारी फोन आला. "वहिनी, ऐका." आवाज पार खोल गेलेला. 'मी अर्धवट खेळून लिहिलं, माफ करा. लढाया लांबतात हे खरंच. पण इथं अशीही पात्रं आहेत, ज्यांचे मूळ गेम कधीच बंद पडले. त्यांना आता दुसरीकडं कुणी नावानं हाक मारणार नाही. वहिनी म्हणाल्या ते बरोबर, हे लग्नच आहे. पण माईकवर आपलं नाव येईल म्हणून मागच्या खुर्चीत बसून राहिलेला म्हातारा मी विसरलो होतो.'

"आन् गुण किती?"

"खोडले. दिलेच न्हाईत." दम खाल्ला. "कंटाळा आला का?"

"न्हाई, भाऊजी." खरं तेच सांगितलं. चूक त्यांनी सगळी आपल्या अंगावर घेतली आणि वाक्य माझंच ठेवलं... मला एवढा मान कुणी दिला नव्हता. त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही.

परवा दौंडला गेले. शकूनं टीव्ही लावला. गेमचं यंत्र चालू केलं की तोच गेम उघडतो, ते थांबले होते तिथंच. नदीकाठी सगळी पात्रं ओळीनं उभी.

"पुढं कसं न्यायचं मला येत न्हाई, आक्का. आन् बंद करू वाटत न्हाई."

"राहू दे. ही पहिली कोण, ते सांग."

तिनं चष्मा लावला आणि एकेक इंग्रजी नाव अडखळत वाचायला लागली. स्वयंपाक व्हायचा होता, माझी परतीची गाडी जवळ आली होती. आम्ही ओळीतल्या शेवटच्या माणसापर्यंत गेलो.