सकीनाची अकरा पावलं

सकीना गेल्याचा निरोप घेऊन तिची धाकटी सून दारात आली, तेव्हा मी बोंबील तळत होते. खरं सांगते, रडू यायच्या आधी मनात आलं ते हे, की बघा, इथंही ही बया माझ्या आधी पोचली. दापोलीकडच्या एकाच गावात आम्ही जन्मलो, एकाच मोसमात लग्नं होऊन अंधेरीला आलो, चाळीत समोरासमोर राहिलो, आणि जन्मभर मी तिच्यावर जळले. तिचं माशाचं कालवण माझ्यापेक्षा लाल व्हायचं, तिच्या मुलाला आधी आखातात नोकरी लागली, हे सगळं मी माफ केलं असतं. पण बायका तिचं ऐकायच्या... ते नाही सोसलं मला.

चाळीमागच्या मशिदीला खेटून एक पत्र्याची खोली होती. तिथं सकीना दुपारी बायकांना कुराण शिकवायची. तिच्या हाताखालून गेलेल्या बायका ओळीनं उभ्या केल्या, तर वर्सोव्यापासून गोराईपर्यंत समुद्राला कुंपण झालं असतं. खोली मशिदीत मोडत नव्हती, पण तिचं दार उघडायचं मशिदीतच. म्हणून मशीद चालवणाऱ्या जमातीच्या थोरांनी नमाजाच्या वेळा सोडून बायकांना आतून जाऊ दिलं होतं. नमाजाआधी हातपाय धुवायच्या, वजूच्या नळांजवळून आत शिरायचं, नमाजाच्या जागेचा एक कोपरा ओलांडायचा, की खोली. अकरा पावलं. तिथं बाईनं बसून नमाज पढायची धर्माची मनाई नव्हती, पण आमच्याकडे रिवाज नव्हता. मशीद आमच्या वाट्याला आली ती एवढीच, चालता चालता.

पाळी आली की बाकीच्या बायका घरी बसायच्या. सकीना मात्र रोज यायची. त्या दिवसांत कुराणाला हात लावायची नाही, तोंडानं त्यातली आयत म्हणायची नाही. नुसती ऐकायची, आणि कुणी चुकली की बोटातली अंगठी लाकडी पाटावर वाजवायची. टक. की पुन्हा मागून वाचायचं. बोलत्या सकीनापेक्षा गप्प सकीनाला बायका जास्त घाबरायच्या. अशा दिवसांत पुढचा धडा म्हणून दाखवायचं काम माझ्याकडे यायचं, कारण माझी पाळी चाळिशीतच बंद झाली होती. आयुष्यात तेवढ्या एकाच बाबतीत मी तिच्या पुढे होते. माझा आवाज असा, की वर्सोव्याच्या होड्या वादळ आलं समजून माघारी वळाव्यात. मनात यायचं, हिची जागा खरं तर माझी.

गिरण्यांच्या संपाच्या वर्षी आमच्या शेजारी जौनपूरकडची एक बाई राहायला आली. बोलता बोलता ती म्हणाली की अशा दिवसांत बाईनं मशिदीत पाऊलसुद्धा टाकायचं नसतं. माझ्या हातात जणू तोफच आली. पाटावर टक ऐकू यायची वाट बघत मी पंधरा दिवस काढले, आणि भरल्या खोलीत विचारलं, "सकीना, आज कुठल्या वाटेनं आलीस गं?"

"मशिदीतून."

"अशा दिवसांत?"

बायकांची डोकी वर झाली. सकीनानं आधी समोरच्या मुलीचं पुस्तक मिटायला लावलं, मग म्हणाली, "तुझ्या शेजारणीचं बरोबर आहे. त्या हनफी पंथाच्या, त्यांच्यात तसंच. आपण कोकणी शाफई. आपल्यात पलीकडे जायचं असेल, नि जागेला काही लागायची भीती नसेल, तर ओलांडता येतं. थांबता येत नाही. मला कधी थांबलेली बघितलीस?"

नव्हती बघितली. तिथं कुणी हाक मारली तरी ती मान न वळवता खोलीत जायची आणि मग ओ द्यायची. कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "शेजारणीकडे साखर मागतेस ते ठीक आहे गं, नियम तरी घरचा वापर." पत्रे हलतील एवढ्या हसल्या सगळ्या.

मी गप्प बसायला हवं होतं... पण गप्प बसणं मला कुणी शिकवलंच नाही. आमचे मालक जमातीत होते. घरी जाऊन मी त्यांच्या कानात एकीच्या दहा बायका केल्या, अकरा पावलांची अर्ध्या तासाची बैठक केली. जमातीनं इमामांना विचारलं, तर त्यांनी शब्दाला शब्द सकीनाचंच सांगितलं. तरी थोर म्हणाले, नको ती कटकट. खोलीची मागची भिंत फोडून गल्लीत दार काढलं, मशिदीकडच्या दाराला कायमची कडी घातली. नियम तिनं जिंकला, वाट मी घेतली. आणि गंमत बघा, नव्या दारामुळे पाळीच्या दिवसांतही सगळ्याच बायका ऐकायला येऊ लागल्या, वर्ग दुप्पट झाला, आणि नाव झालं तिचंच.

ती मला एकदाच बोलली. गल्लीतलं गटार ओलांडताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाली, "सगळ्या दिवसात ती अकरा पावलं तेवढी माझी होती गं." चुकलं म्हणायची हीच वेळ होती. मी म्हटलं, "खाली बघून चाल, पडशील." पाच वर्षं झाली त्याला.

आम्हा शाफईंत मयताचा जनाजा मशिदीच्या आत ठेवून नमाज पढतात. सकीनाला नेलं त्या दिवशी तिच्याकडे शिकलेल्या बायका गल्लीतून येऊन खोलीत दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी कडी घातलेल्या दाराच्या फटीला डोळा लावला. दुपारच्या नमाजाला वेळ होता. आत कुणी नव्हतं, वर पंखा फिरत होता, आणि पहिल्या रांगेच्याही पुढे सकीना. पाऊण तास. जिनं तिथं कधी एक पाऊल रेंगाळू दिलं नाही, ती ऐसपैस थांबली होती, आणि पुढे हो म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि खोटं कशाला सांगू, त्या पाण्याखाली मी जळत होते.

मागून कुणीतरी पदर ओढला. "बाय, सरक ना जरा, आम्हालाही बघू दे."

मी सरकले नाही.