सासूबाईंना मानवतील असे शॉकप्सर

मोटार घरी बांधायची हे खूळ माझ्या साडूचं. मी त्यात उगाच ओढला गेलो असं मी सांगतो, बायकोला ते पटत नाही. साडू सांगलीचा, मी साताऱ्याचा. सांगाडा, बॉडी, नळ्या, नटबोल्ट असा सगळा सुटा संच विकत मिळतो. त्यात जुन्या गाडीचं इंजिन बसवायचं आणि आपली गाडी आपण उभी करायची. साडूच्या परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही ती उभी केली. जीपच्या वळणाची, उघडी, दोनच माणसांची. तिच्या नोंदणीसाठी घातलेल्या खेट्यांबद्दल मी बोलणार नाही, डॉक्टरांनी मला चिडायची मनाई केली आहे.

सासूबाई मूळच्या आटपाडीच्या, पण खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून साडूकडेच होत्या. त्यांची धाकटी बहीण कोरेगावात. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिला सांगलीला येववत नव्हतं. सासूबाईंना एसटीच्या पायऱ्या चढवत नव्हत्या आणि मोटारीत वाकून शिरलं की खुब्यातून कळ यायची. दोघी फोनवर बोलायच्या, भेट मात्र होत नव्हती. आमच्या गाडीचं सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला आलं हा निव्वळ योगायोग. एकदा त्या काठी टेकत शेडमध्ये आल्या, न वाकता सीटवर टेकल्या आणि म्हणाल्या, "पावणं, ह्यातनं जाईन म्या कोरेगावला."

जावयाला आमच्याकडे सासू नावानं हाक मारत नाही, पावणं म्हणते. लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली तरी मी पाहुणाच होतो.

तोवर गाडी हे दोन पिकल्या माणसांचं खेळणं होतं. आता त्यात खुबा आला, आणि खुब्याबरोबर शॉकप्सर, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आले. स्प्रिंग गाडीचं ओझं पेलते, पण खड्डा आला की नाचत सुटते. तिला आवरायचं काम शॉकप्सरचं. ते किती कडक हवेत यावर आमचं वाजलं.

"आवं साडूभाऊ, रस्तं बगितलं का आपलं? कडकच पायजेत," साडू म्हणाला.

"गाडी हलकी आहे. कडक बसवले तर प्रत्येक खड्डा थेट मामींच्या खुब्यात जाईल," मी म्हणालो. सासूबाईंना आम्ही दोघंही मामी म्हणतो.

शेवटी दोघांचेही आळीपाळीनं बसवून बघायचं ठरलं, निकाल सासूबाईंनी द्यायचा. आधी साडूचे कडक. कॉलनीला फेरी मारून गाडी आली तेव्हा सासूबाईंचा अंबाडा सुटला होता आणि एक हात तोंडावर घट्ट होता.

"कसं वाटलं, मामी?"

"लय झ्याक. पाळण्यावानी."

साडूनं माझ्याकडे असं पाहिलं की मला पाना फेकून मारावासा वाटला. पुढच्या रविवारी माझे मऊ. गाडी एकदा डुलली की पुढच्या वळणापर्यंत डुलतच राहायची. सासूबाई उतरल्या त्या पडशाच्या दुखण्यातून उठल्यासारख्या, चेहरा उतरलेला, पदर नाकाशी.

"कसं वाटलं, मामी?"

"लय झ्याक. पाळण्यावानी."

आता आपणच जिंकलो असं आम्हा दोघांनाही वाटलं आणि पुन्हा वाजलं. शेवटी माझी बायको वैतागली. "आवं, आमच्यात जावयाला कुनी नावं ठेवत न्हाई. तुमी तिला दगडाच्या गाडीतनं फरफटत न्या, ती लय झ्याकच म्हनंल." लेकींनी विचारून पाहिलं, तर त्यांनाही हेच उत्तर. म्हणजे ज्या एका माणसासाठी शॉकप्सर निवडायचे, तेच माणूस खरं बोलायला तयार नाही. असला घोळ कुठल्याही गाडीच्या पुस्तकात सापडायचा नाही.

मग आम्ही दोघांनी आपापला हट्ट सोडला आणि तिसरेच शॉकप्सर आणले. त्यांना एक कडी असते. ती फिरवली की हवे तसे कडक किंवा मऊ होतात. पण किती फिरवायची हे कोण सांगणार? अंदाजानं मधोमध ठेवली आणि सासूबाईंना घेऊन मी निघालो. गाडी बरी चालली होती. मी खूश होऊन जरा जोरात दाबली. कोपऱ्यावर कुणीतरी रातोरात गतिरोधक घातला होता, पांढरा पट्टा न मारता.

धाडकन आवाज झाला आणि पाठोपाठ दुसरा.

"आरं ए मुडद्या! डोळं फुटलं का तुजं? हाड मोडतोस व्हय माजं?"

मी गाडी थांबवली. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. त्यांचा चेहरा दुखण्यापेक्षा जावयाला शिवी दिल्याच्या भीतीनं पांढरा पडला होता. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. त्यानंतर इतक्या हक्कानं मला कुणी मुडद्या म्हटलं नव्हतं. मला हसू यायला लागलं, आणि डोळेही भरले, ते का लपवू?

"कुठं लागलं का, मामी?"

"न्हाई, न्हाई पावणं. लय झ्याक..."

"मामी, आता राहू द्या. खरं सांगा."

त्यांनी पदर खाली सोडला. "मागनं दणका बसतोय. फुडनं बरं हाय. आन् तुमी... तू लय जोरात हानतोस."

मी रस्त्यातच गाडीखाली शिरलो आणि मागच्या कड्या सैल केल्या. मग कुलूप उघडल्यासारखं झालं. साडूच्या कडक शॉकप्सरनी दाताची कवळी हातात आली होती, माझ्या मऊ शॉकप्सरनी पोटात ढवळलं होतं, आणि दिवाळीला मी दिलेली आरामखुर्ची तर पहिल्या दिवसापासून टोचत होती. सगळं बाहेर आलं. त्यांच्या शिव्यांच्या तालावर मी कडी एकेक घर फिरवत गेलो आणि गाडी जमली. साडू मात्र नाराज झाला. सासूबाईंच्या तोंडी त्याला अजून "पावणं"च होतं. त्यानं मुद्दाम गाडी खड्ड्यात घालून पाहिली, तरी सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या पावणं, हुतं कवा कवा."

थंडी कमी झाल्यावर मी आणि सासूबाई कराड, रहिमतपूर करत कोरेगावला गेलो. वाटेत त्या तीनदा ओरडल्या, तिन्ही वेळा चूक माझी होती. बहीण दारात वॉकर धरून उभी होती. सासूबाई काठीसुद्धा न घेता उतरायला निघाल्या, मी कसाबसा हात दिला. दोघी एकमेकींचे चेहरे चाचपत रडत राहिल्या. मी गाडीचे टायर तपासत असल्याचं सोंग केलं.

थोड्या वेळानं बहिणीला माझी आठवण झाली. "अगं बाई, जावईबापू उभंच की! थांबा, पानी आनती," म्हणत ती वॉकर उचलायला लागली.

सासूबाईंनी तिला दंडाला धरून खाली बसवलं. "तू बस गं गुमान. हात हायती त्येला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जा रं, आत माठ असंल. तुजं तू घी, आन् येताना आमाला बी आन."

मी चपला काढल्या आणि तडक स्वयंपाकघरात गेलो.