'पीएच ७' लिहिलेली बाटली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि माझं तिच्यापासून काही लपत नाही, असा तिचा ठाम समज आहे.

दोन हजार दहानंतरची ती वर्षं. जो तो ग्राफीनच्या – कार्बनच्या अणूइतक्या पातळ पापुद्र्याच्या – मागे लागलेला, आणि हॅम्बर्गच्या आमच्या लॅबमध्ये ग्राफीन ऑक्साइड बनवावं तर मीच, अशी माझी ख्याती. ग्राफाइटवर ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेट सोडणं कुणालाही जमतं. जीव जातो तो पुढे, धुण्यात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, पाणी बदला, पुन्हा फिरवा – ॲसिड आणि मँगनीज पार निघेपर्यंत. चार-चार दिवस. धुणी धुवायला कुणाला आवडतं?

त्या एप्रिलात आमचा जयंतीचा कार्यक्रम होता, सूत्रसंचालन माझ्याकडे. घाईत मी तीनदाच धुतलं. बाटलीवर 'पीएच ७', म्हणजे ॲसिड पार निघालं, हे लेबल मात्र सवयीने आधीच लावलेलं. तसंच राहू दिलं. संध्याकाळी सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेतलं – खोटं बोलणार नाही, हेसुद्धा. जीभ अडखळली? छे.

ती बाटली सुजाताने नेली. वर्ध्याची मुलगी, पीएचडीचं दुसरं वर्ष, मला दादा म्हणायची. तिने त्यावर नायट्रोजनचे गट जोडले, फ्युएल सेलसाठी उत्प्रेरक म्हणून तपासलं. आकडे असे आले, की प्रोफेसरबाईंनी केक आणला. पुढचा माल तिने स्वतः बनवला, नियमाप्रमाणे स्वच्छ धुऊन. त्यात काही दम नव्हता.

मला त्याच दिवशी कळलं. काम तिचा नायट्रोजन करत नव्हता, माझं उरलेलं मँगनीज करत होतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं – नाही का? पण माझा फरट्राग, नोकरीचा करार, वाढायचा होता. आणि खरं सांगू – तिच्या नजरेतून उतरायची भीती त्याहून मोठी होती. उरलेली बाटली मी रसायनांच्या कचऱ्यात टाकली.

सहा महिने ती तोच प्रयोग करत राहिली. स्वतःच्या हातांना दोष देत. मग बाईंनी मीटिंगमध्ये सर्वांदेखत तिला विचारलं, "तर मग, पहिले आकडे खरे होते ना?" मी समोरच बसलो होतो – वहीत रेघा मारत.

ती पीएचडी सोडून परत गेली. एस-बानपर्यंत, म्हणजे लोकलपर्यंत, तिची बॅग मी उचलली. दार बंद होण्याआधी ती म्हणाली, "दादा, लॅबमध्ये सगळे काही ना काही बोलले. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. थँक्यू."

मी म्हणालो, "पोचलीस की कळव."