नोराच्या आजोबांची सिनेट आणि माझी फोडणी

अलार्मला टोपी घालायला मी विसरले आणि नोराचं घर गेलं. हे सांगितल्याशिवाय तिच्याबद्दल मला काही लिहिताच येणार नाही. अमेरिकेत, एडिसनला मुलाकडे कायमची राहायला आले तेव्हा मी बासष्टीची, म्हणजे तशी पोरच होते, आणि अक्कलही बेताचीच. आमच्याकडे फोडणी करण्याआधी छतावरच्या स्मोक अलार्मला शॉवर कॅप घालायची पद्धत आहे, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत तो कोकलायला लागतो. शेजारणीच्या घरीही छताला अलार्म असतो, हे मात्र मला सुचलं नाही.

गेल्या महिन्यात नोराचा मुलगा टॉम याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मॉम झोपेतच गेली," तो म्हणाला. मी "थँक यू" म्हणाले. असल्या बातमीला थँक यू! मग उरलेली जुडी निवडली, आणि देठंच पातेल्यात टाकून पानं कचऱ्यात टाकली...

नोरा शेजारच्या घरात एकटी राहायची. ऐंशीच्या पुढची, काटक, तोंडाची फटकळ. मी तिला नोराबाई म्हणायचे, ते तिला फार आवडायचं. तिच्या स्वयंपाकघरात खिडकीशी एक जुनी, उंच पाठीची खुर्ची होती. पहिल्या दिवशी मी बेधडक तिच्यावर बसायला गेले, तर नोरा ओरडली, "तिथे नाही! ती बसायची नाही." मला वाटलं, हिचंही सोवळं असतं की काय! मग चहा पिताना तिनं त्या खुर्चीची गोष्ट सांगितली.

आयर्लंड नुकतंच इंग्रजांच्या हातून सुटलं होतं. नव्या संसदेला वरचं सभागृह होतं, सिनेट. आपल्या विधान परिषदेसारखं. नोराच्या आजोबांना तिचं सदस्यत्व मिळालं. पण इंग्रजांशी झालेला तह ज्यांना मान्य नव्हता, त्यांची नव्या सरकारशी लढाई जुंपली होती. त्यांनी सदस्यांची घरं पेटवायला सुरुवात केली. आजोबांनाही निरोप आला, राजीनामा दे नाहीतर घर जाळू. आजीनं पाय धरले. आजोबा म्हणाले, पुढच्या बैठकीला मी जाणार. एका संध्याकाळी माणसं आली, आणि वर सभ्यपणे म्हणाली, काय बाहेर काढायचं ते काढून घ्या. घाबरलेल्या घरानं काय काढावं? जेवणाच्या खुर्च्या! त्या हिरवळीवर मांडल्या गेल्या. आजोबा एकीवर बसून जळणाऱ्या घराकडे बघत राहिले. शेजारची खुर्ची आजीची. ती मात्र त्यांच्याजवळ बसली नाही. हिरवळीच्या पार टोकाला पाठ फिरवून उभी राहिली. नंतर कितीतरी वर्षं एका टेबलाशी जेवली, पण त्यांच्याशी बोलली नाही. आजोबा उसना कोट घालून बैठकीला गेले. पुढे ती सिनेटच बरखास्त झाली. आजीची ती रिकामी खुर्ची नोराच्या आईनं अमेरिकेत आणली.

"तू असतीस तर राजीनामा दिला असतास?" नोरानं विचारलं.

"लगेच! वर त्यांना चहा पाजला असता," मी म्हणाले. "पण आमच्या मराठी मंडळाच्या कमिटीतलं कुणी देणार नाही. घर जाळलंत तरी."

नोरा इतकी हसली की तिला ठसका लागला. पुढे मात्र ती तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली. आधी वाटलं, चेष्टा करतेय. मग एकदा तिच्या शेगडीवर रिकामी किटली लाल होईपर्यंत तापलेली दिसली. एकदा ती आमच्या दाराशी येऊन स्वतःच्या घराची वाट विचारत होती. मी तिला हाताला धरून घरी सोडलं आणि टॉमला काही कळवलं नाही. तो तिला वृद्धाश्रमात ठेवायच्या गोष्टी करत होता, आणि ती दर वेळी त्याला सांगायची, "मी राजीनामा देणार नाही." मी मनात टाळ्या वाजवायचे. मोठी शूर मी, दुसऱ्याच्या घरात.

त्या दुपारी तिला साधं वरण खायला दिलं होतं. ते तिला आवडलं, म्हणून मला चेव आला. "थांब, नोराबाई, आता खरी आमटी दाखवते." तिची शेगडी विजेची, बंद केली तरी तापलेलीच राहणारी. तेल पेटायला आलं, लाल मिरच्या काळ्या पडल्या, खोलीभर धूर, आणि डोक्यावर अलार्म कोकलला. मी टॉवेल हलवत नाचत होते. वळून बघते तर नोरा नव्हती, आणि खिडकीजवळची खुर्चीही नव्हती.

ती बाहेर होती. हिरवळीवर खुर्ची मांडून, हात मांडीवर ठेवून, घराकडे बघत बसली होती. "नोरा, नुसता धूर आहे गं, फोडणीचा," मी म्हणाले. तिनं मान हलवली. "नाही. जळतंय." तिच्या डोळ्यांत मी कुठेच नव्हते. हिरवळीला पाणी घालणारे स्प्रिंकलर नुकतेच बंद झाले होते. तशाच साडीनिशी मी तिच्या पायाशी गवतात बसले, हातात फोडणीचं जळकं कढलं. बंब आला, जवान आत जाऊन आले, हसले. नोरा उठेना. संध्याकाळी टॉम आला तेव्हा आम्ही दोघी तिथेच.

"आई, तुम्ही एक्झॉस्ट तरी ऑन करायचात!" सून म्हणाली. तिचं बरोबरच होतं. पण टॉमनं जे बघायचं ते बघितलं होतं. महिन्याभरात नोरा वृद्धाश्रमात गेली आणि तिच्या घरापुढे विक्रीची पाटी लागली.

आता ती खुर्ची आमच्याकडे आहे. टॉमनंच आणून दिली, कुठे ठेवू विचारलं, मी खिडकी दाखवली. कुणी तिच्यावर बसत नाही. नात शाळेतून आली की दप्तर टाकायला जाते आणि मी ओरडते, "तिथे नाही!"

आश्रमात मी तिला शेवटचं भेटले तेव्हा तिनं मला ओळखलं, हेच खूप होतं. मी म्हणाले, "माझ्या फोडणीनं तुझं घर घालवलं, नोरा." ती म्हणाली, "आजीनं त्यांच्या शेजारी बसायला हवं होतं. भांडायचं ते मागून भांडता आलं असतं. तू बसलीस ना... गवत ओलं होतं तरी."