दिवसांची माफी

दिवेलागणीला किसनभाऊ आमच्या ओट्यासमोर येऊन उभा राहायचा. पायतणं काढून बाजूला ठेवायचा, हात जोडायचा आणि खड्या आवाजात म्हणायचा, "किसना वल्द गणू, राहणार इंझोरी, हजर हाय मालक." ओट्यावर माझे सासरे असले तर ते मान हलवायचे. नसले तरी त्याचं वाक्य चुकायचं नाही. एकदा ओट्यावर चिटपाखरू नव्हतं. आमची म्हातारी गाय तेवढी दावं तोडून तिथं रवंथ करत उभी होती. या पठ्ठ्यानं तिलाही हात जोडून आपण हजर असल्याचं सांगितलं, आणि पायतणं घालून चालता झाला. मी तेव्हा नवी नवरी होते. दाराआड तोंडात पदर कोंबून हसून हसून माझी पुरेवाट झाली.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. ते इंझोरीचे पोलीस पाटील होते. त्या रात्री त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. किसनभाऊ जन्मठेपेचा कैदी. ऐन तरुणपणी खळ्यावर चुलतभावाशी त्याची बाचाबाची झाली. रागाच्या भरात त्यानं बैलबंडीची उभारी, म्हणजे कडेचा दांडा, उपसली आणि चुलतभावाच्या डोक्यात घातली. चुलतभाऊ तिथंच गेला. अकोल्याला खटला झाला, नागपूरच्या तुरुंगात रवानगी झाली. तिथं चांगला वागला म्हणून मुदतीआधी सोडला, पण अटी घालून. गाव सोडायचं नाही, हाती हत्यार धरायचं नाही, कुणाशी तंटा करायचा नाही आणि रोज दिवेलागणीला पाटलाकडे हजेरी द्यायची. एक जरी अट मोडली तरी उरलेली शिक्षा भोगायला परत आत.

या अटींचा त्यानं असा काही धसका घेतला होता की विचारू नका. माझे वडील वाशीमला एका वकिलाकडे कारकून होते. म्हणजे कायदा माझ्या माहेरचा, असा त्याचा ठाम समज. मी विहिरीवर असो की उखळाशी, हा चार हात लांब उभा राहून विचारणारच, "पाटलीनबाई, यात कलम लागते का?" दुसऱ्याच्या झाडाची पडलेली चिंच उचलली तर? पिकात शिरलेला बैल हाकलताना त्याले काठी लागली तर? गावात दोघं भांडत असताना आपन नुसतं पाहत उभं राह्यलो तर? मी वैतागायची. "किसनभाऊ, चिंचेला कसलं कलम लागतं? खा आणि गप्प बसा!" तो गंभीरपणे मान हलवायचा, आणि चिंच खायचा नाहीच.

एकदा आमच्या गोठ्यात साप निघाला. बायकापोरांचा हा कल्ला! किसनभाऊ नेमका हजेरीला आलेला. तो धावत आत गेला, कोपऱ्यातली काठी उचलली, डोक्यावर उगारली आणि तसाच थिजून उभा राहिला. "मालक, काठी हत्यारात येते का?" साप पुढ्यात फणा काढून! मामंजी ओरडले, "अरे मार ना लेका!" तरी हा विचारतोच, "तुमी हुकूम देल्ला म्हनून मारू ना?" तोवर साप भिंतीच्या बिळात शिरला. मामंजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. किसनभाऊ मात्र घामानं निथळला होता. काठी त्यानं अशी हलकेच खाली ठेवली, की जणू तीच चावणार होती.

गावात मात्र तो एक गोष्ट छाती पुढं काढून सांगायचा. "सरकारनं मले माफी देल्ली." पारावर सांगायचा, विहिरीवर सांगायचा, कुणी विचारो न विचारो. मला ते खटकायचं. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, तुरुंगात नीट काम केलं की शिक्षेतले थोडे थोडे दिवस कमी होतात. त्याला कैदी माफी म्हणतात. ती दिवसांची माफी. गुन्हा माफ होत नसतो. कागदावर तो मरेपर्यंत खुनीच." परत आल्यावर मी हे किसनभाऊला सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही, त्याला ते कळायलाच हवं होतं. तो बराच वेळ मातीत बोटानं रेघा ओढत बसला. मग म्हणाला, "मंग गुन्ह्याची माफी कोन देते, पाटलीनबाई? तेचा अर्ज कुठी कराव लागते?" पुढच्या खेपेला मी वडिलांना हेही विचारलं. आयुष्य कचेरीत घालवलेला माणूस, पण म्हणाले, "असला अर्ज मी कधी लिहिला नाही."

त्याचा सगळा जीव होता तो त्याच्या लेकीत, गोदात. तो आत गेला तेव्हा ती पाळण्यात होती. बायको त्याच्या मागं तापानं गेली. सासुरवाड गावातलीच, म्हणून पोरीला तिच्या मामानं, सखारामनं वाढवलं. किसनभाऊ परत आला तेव्हा गोदा परकर-पोलक्यातून लुगड्यात आली होती. बाप म्हणून समोर उभा राहिलेला हा वाळका माणूस तिला पटायला वेळ लागला, पण पटला. दुपारी ती त्याला भाकर घेऊन यायची, आणि हा प्रत्येक घासाला तिच्याकडं बघायचा. मला म्हणायचा, "पाटलीनबाई, हिचं लगीन माह्या हातानं झालं की झालं. मंग सरकारनं कुठीबी नेवो." बास, एवढंच मागणं होतं त्याचं. लेकीच्या मांडवात बाप म्हणून उभं राहायचं.

कामरगावकडचं एक स्थळ आलं. शेतीवाडी, मुलगा निर्व्यसनी, माणसं जरा मानी. पोरीच्या बापाबद्दल त्यांनी विचारलंच. सखाराम म्हणाला, "सरकारनं माफी देल्ली त्याईले." सोयऱ्यांनी त्याचा अर्थ लावला, की माणूस निर्दोष सुटला. सखारामनंही तो अर्थ खोडला नाही. मला विचाराल तर मीही खोडला नसता. पोरीचं सोनं होत असेल तर कशाला कायद्याचा कीस पाडायचा? किसनभाऊनं मात्र मला येऊन विचारलंच, "सोयरिकीत अर्धंच सांगतलं तं कलम लागते का?" मी म्हटलं, "नाही लागत. तुम्ही आता तोंड शिवून बसा बरं."

सखारामच्या घरी सुपारी फोडायचा दिवस ठरला. मामंजींना मानानं बोलावणं होतं. आदल्या दिवशी त्यांनी किसनभाऊला मुद्दाम थांबवून सांगितलं, "उद्या हजेरीची काळजी करू नोको. मी तिथीच हावो ना." मामंजींचा अर्थ असा, की तू माझ्या डोळ्यांसमोरच असशील, उद्या हजेरी नको. किसनभाऊनं अर्थ घेतला तो असा, की उद्या हजेरी तिथंच द्यायची. आता यात चूक कुणाची सांगा! तुमच्याआमच्यासारख्या माणसानं असा अर्थ घेतला नसता. पण इतकी वर्षं ज्याला रोज सकाळ-संध्याकाळ ओळीत उभं करून मोजलं, त्याला हजेरी नको हे कानाला ऐकू आलं तरी डोक्यात शिरायचं कसं?

आम्ही बायका आत बसलो होतो. गोदा माझ्या शेजारी, मान खाली घातलेली, पण ओठाच्या कोपऱ्यात हसू. बाहेर पानसुपारी फिरत होती, बोलणी सरत आली होती. किसनभाऊ धुतलेलं धोतर नेसून व्याह्यांच्या रांगेत बसला होता. कुणीतरी दिवा लावून कोनाड्यात ठेवला. लोकांनी दिव्याला हात जोडले. आणि किसनभाऊ उभा राहिला. मामंजींच्या समोर गेला, हात जोडले, आणि साऱ्या बैठकीला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात म्हणाला, "किसना वल्द गणू, राहणार इंझोरी, हजर हाय मालक."

मुलाच्या बापाचा आवाज आला, "पाटील, हे हजेरी कायची व्हय? माफी भेटली म्हने ना याईले?" मामंजी सरकारचे पाटील. भर बैठकीत खोटं बोलणं त्यांच्यानं होईना. ते म्हणाले, "अट हाय थोडीशी. मुदत सरली का सुटला."

"म्हन्जे अजून सुटलाच नाई?"

"गुन्हा तं त्याच्या हातून झाला होता बावा. शिक्षेत सूट भेटली."

मुलाच्या बापानं टोपी सारखी केली. रागावला नाही, आदळआपट केली नाही. "आमाले सांगाचं तं खरं," एवढंच म्हणाला आणि उठला. त्याच्या मागं सगळे उठले. सुपारी तबकात तशीच राहिली. माझ्या शेजारी गोदानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. बाहेर किसनभाऊ अजून हात जोडून उभाच होता आणि मामंजींना विचारत होता, "मालक, तुमीच तं म्हनले होते ना, तिथीच हावो?" त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत.

गोदानं बापाशी बोलणं टाकलं. भाकर यायची, पण शेजारच्या पोरीच्या हातून. किसनभाऊनं एका शब्दानं तक्रार केली नाही. पुढं वर्षभर एकही स्थळ उंबरठा चढलं नाही. ज्याला त्याला ती हजेरी ठाऊक झाली होती. शेवटी कामरगावच्याही पलीकडचं एक आलं. बिजवर, वयानं थोराड, पहिलीची दोन लेकरं. त्या माणसांना इकडची काही खबर नव्हती. किसनभाऊ आता दिवसभर आमच्या गोठ्यातच बसून असायचा; सखाराम त्याला भेटायला तिथं आला. मी वैरण टाकत होते, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"भाऊजी, या खेपेले तुमी नसान तं बरं."

"मी कुठी जाऊ बाप्पा? गाव सोडता येत नाई मले."

"जाचं नाई कुठी. आमी त्याईले सांगतलं, पोरीचा बाप तुरुंगातच वारला म्हनून."

किसनभाऊनं मान वळवून मला विचारलं, "पाटलीनबाई, जित्या मानसाले मेला म्हनलं तं कलम लागते का?" माझं डोकंच फिरलं. मी सखारामला नाही नाही ते बोलले. मामाच आहेस ना तू, की कोण, म्हटलं. किसनभाऊलाही म्हटलं, "तुम्ही नाही म्हणा! मांडवात जायला सरकारची आडकाठी नाही तुम्हाला. मी मामंजींना सांगते." तो म्हणाला, "कलम लागत नाई ना? मंग म्हनू द्या मेला. येक डाव जितेपनाचं सांगून पाह्यलं ना मी."

लग्नाच्या दिवशी तो आमच्या गोठ्यातच बसून होता. मांडव दोन गल्ल्या सोडून. वाजंत्री इतकी जवळ वाजत होती की बैल कान टवकारत होते. मी मांडवातून मूठभर अक्षता पदरात बांधून आणल्या आणि त्याच्या ओंजळीत घातल्या. तिकडं मंगलाष्टकं सुरू झाली. एकेका कडव्याला तो आवाजाच्या दिशेनं अक्षता टाकत होता. त्या मातीच्या भिंतीला लागून खाली पडत होत्या, आणि कोंबड्या टिपत होत्या. मी तिथं थांबले नाही. मला बघवेना.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत मुदत सरली. ठाणेदाराचा निरोप आला तसं मामंजींनी त्याला ओट्यावर बोलावून आपल्या शेजारी बसवलं, गूळ दिला. "किसना, सुटला तू. आता हजेरी नाई, का अट नाई. वाशीमले जा, काशीले जा. कोनी इचारनार नाई तुले." त्यानं गूळ हातात धरला. संध्याकाळी मी म्हटलं, "किसनभाऊ, जाऊन या ना लेकीकडं. लांबून तरी बघून या." तो म्हणाला, "मेलेला मानूस लेकीच्या गावाले कसा जाईन, पाटलीनबाई? तिचे सासरचे तिले इचारतीन ना, हा कोन म्हनून." मी त्याला म्हटलं, भाकर खाऊन जा.

तो इंझोरीच्या शिवेबाहेर एकदाही गेला नाही. दोन पावसाळे काढले असतील. तिसऱ्या उन्हाळ्यात तापानं आजारी पडला आणि तीन-चार दिवसांत गेला. भाऊबंद कुणी आले नाहीत. मामंजींनी आमच्या गड्यांकरवी सगळं करवलं. मी सखारामला म्हटलं, गोदाला निरोप धाडा. तो म्हणाला, "काय धाडू, पाटलीनबाई? बाप मेला म्हनून? थो तं लग्नाआधीच मेला ना." त्याचंही तोंड उतरलं होतं. एकट्या त्याला तरी काय बोलणार?

पंधरवड्यानं आम्ही कामरगावच्या बाजाराला गेलो होतो. वांग्यांच्या ढिगाशी गोदा दिसली. कडेवर सवतीचं लेकरू, शेजारी सासू. मला बघून ती हसली. किती दिवसांनी माहेरचं माणूस भेटलं म्हणून सासूही बोलायला थांबली. सासूसमोर नाव घ्यायची सोय नव्हती, आणि न सांगता परत जाणं माझ्यानं होईना. मी म्हटलं, "गोदे, आमच्या गोठ्यात बसायचे ना, ते म्हातारबुवा गेले गं."

गोदाच्या हातात वांगं होतं. ते हातातच राहिलं.

सासू म्हणाली, "कोन व्हय वो, गोदा?"

"पाटलाकडचा गडी होता येक," गोदा म्हणाली.

सासूनं चुकचुक केली. बाई मनाची चांगली असावी. मला विचारलं, "लेकरंबाळं होते का त्याले?"

"एक लेक होती," मी म्हटलं.

"मंग आली का ते मातीले?"

"नाही आली."

"आता माय! कशा असतेत वो येकेक लेकी. सख्ख्या बापाच्या मातीलेई येत नाई!"

गोदानं वांगं टोपलीत ठेवलं, कडेवरचं लेकरू सावरलं, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत खाली ओढला. "चाला आत्याबाई," ती म्हणाली, "उन्ह होऊन राह्यलं."