आवतण न देण्याचा दिवस

चौतीस वर्षांच्या संसारात फरंगीस आणि तिचा नवरा दोघंच अशी कधी जेवली नव्हती. नवरा वाईट नव्हता. नादअली इराणमधल्या कराज शहरात मिनीबस चालवायचा, आणि जेवताना समोरून कुणी गेलं की "या, दोन घास घ्या" म्हणायचा. म्हणतात सगळेच. समोरच्याने छातीवर हात ठेवून नको म्हणायचं, विषय संपला. पण नादअली चौथ्यांदा, पाचव्यांदा म्हणायचा, शेवटी माणसाची बाही धरायचा. माणसं बसायची. फरंगीस निमूट उठून आणखी अंडी फोडायची.

तो निवृत्त झाला त्या उन्हाळ्यात तिने तालेकानच्या नदीवर जायचं काढलं आणि अट घातली.

"आज कुणाला बोलवायचं नाही. मला तुमच्याशी बोलत जेवायचंय."

"आणि कुणी अगदी समोरूनच गेलं तर?"

"नदीकडे बघा."

"लोक काय म्हणतील, फरंगीस?"

"लोक गेले खड्ड्यात. शपथ घ्या."

त्याने घेतली.

अक्रोडाखाली सतरंजी पडली. फरंगीसने कोफ्त्यांचं पातेलं उघडलं. एकेक कोफ्ता मुठीएवढा, पोटात आलुबुखार. पलीकडच्या सतरंजीवरचा म्हातारा पाणी आणायला गेला. नादअलीने नदीकडे पाहिलं. म्हातारा परत आला. नादअलीने पुन्हा नदीकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"बोला ना काहीतरी."

"पाणी बरंच आहे यंदा."

कोफ्ता कसा झालाय एवढं तरी म्हणेल, म्हणून ती थांबली. त्याने तीन खाल्ले आणि हात पुसले. फरंगीसला रडू यायला लागलं.

तेवढ्यात म्हातारा भाताचं ताट घेऊन आला. "कोण गेलं हो तुमचं? देव तुम्हाला धीर देवो."

"कुणी नाही गेलं, काका."

"मग हे असे का बसलेत?"

"शपथ आहे," नादअली नदीला म्हणाला.

म्हातारा ताट ठेवून ओशाळून निघाला. फरंगीसने त्याच्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. शपथ तिनेच घातली होती, मोडायचा हक्कही तिचाच.

"बसा, काका. दोन घास घ्या."

म्हातारा नको नको म्हणत बसला. नादअलीची मान एकदाची वळली.

"मोठा घ्या. हिच्या हातचा आहे, असा कराजभर मिळायचा नाही. पहाटे करत बसली होती, गुणगुणत. मी जागाच होतो. उठलो असतो तर गप्प झाली असती. चौतीस वर्षं असाच पडून ऐकतो मी. हिला पत्ता नाही."

फरंगीस हातात पळी घेऊन तशीच बसली. मग तिने म्हाताऱ्याच्या ताटात दुसरा कोफ्ता घातला.

"पोट भरलं, बाई," म्हातारा म्हणाला.

"असं कसं?" ती म्हणाली. "सावकाश जेवा. आम्हाला कुठे जायचंय?"