हॅझलबीत एकही हॅझलबी नाही

महिन्याभरापूर्वी एका रविवारी, इथे उरायासुत, आमच्या खालच्या मजल्यावरचे जॉनआजोबा चहाला आले ते तोंड पाडूनच. माणूस मूळचा इंग्रज, पण सगळा संसार इथे जपानमध्येच झालेला. त्यांच्या पत्नी यासुको-सान गेल्या वर्षी वारल्या.

तेव्हापासून इंग्लंडमधली बहीण मागे लागलीय, परत ये म्हणून. आजोबांचं आडनाव हॅझलबी, आणि तिकडे त्याच नावाचं एक खेडं आहे. आपली माती ती, शेवटी तिथेच जायला हवं, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं... जीव मात्र अडकलेला यासुको-सानच्या थडग्यापाशी.

त्या खेड्यातल्या चर्चच्या जुन्या नोंदी त्यांनी इंटरनेटवर पालथ्या घातल्या. हॅझलबीत एकही हॅझलबी नाही. "म्हणजे आम्ही कुठलेच नाही," एवढंच म्हणाले.

मला हसूच आलं. आम्ही वडगावकर, पण आमच्या वडगावात औषधालाही वडगावकर सापडायचा नाही... तिथे आमचे भाऊबंद अजून मोरेच आहेत. पणजोबा पुण्यात आले आणि पुण्यातल्या लोकांनी त्यांना वडगावकर करून टाकलं. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण कशाला ओळखेल?

म्हटलं, "आजोबा, गाव सोडून गेलेल्यांत शोधा की."

चारेक दिवसांनी त्यांनी मला लिफ्टपाशीच गाठलं. दुसऱ्याच एका गावात त्यांचे खापरपणजोबा सापडले होते, विल्यम हॅझलबी... गाड्यांची चाकं करणारा सुतार. लग्न करून बायकोच्या गावी आला, तिथेच राहिला आणि तिच्याच शेजारी पुरलाय.

आमच्याकडे अशाला घरजावई म्हणतात, हे सांगितल्यावर आजोबा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "मग मी घराण्याची रीत मोडलेली नाही," म्हणाले.

काल ते मला यासुको-सानच्या थडग्यावर घेऊन गेले. इथे मागे राहिलेल्या जोडीदाराचं नावही दगडावर आधीच कोरतात आणि तो हयात असेपर्यंत अक्षरं लाल ठेवतात. यासुको-सानच्या नावाशेजारी आजोबांचं नाव होतं, ताज्या लाल रंगात.

दगडावर पाणी घालता घालता ते जपानीत हळूच म्हणाले, "मी कुठे जात नाही गं."

गाव सुटल्याची खंत मलाही अधूनमधून छळते... काल घरी येताना मात्र नाही छळली. थँक्यू, आजोबा.